चुलीपासून नोंदवहीपर्यंत : ‘गोल्ड स्टँडर्ड’ची वाटचाल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याला गोबरगॅसची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. मलकापूर-बांबवड्याच्या बाजूला ऊस आणि दुभती जनावरं, वर आंबा घाटाच्या दिशेने भात, जंगल आणि मुसळधार पाऊस. अशा मुलखात गोठ्यामागे विटांचा घुमट आणि त्यातून स्वयंपाकघरात गेलेली नळी हे दृश्य दोन पिढ्यांच्या परिचयाचं आहे. बायोगॅस उभारणीत कोल्हापूर जिल्ह्याचं नाव राज्यात कायम आघाडीवर राहिलं. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग, दूध संस्था, गावोगावचे गवंडी आणि रोज सकाळी शेण कालवणाऱ्या बायका अशा अनेकांचे हात त्यामागे आहेत.

मात्र या निळ्या ज्योतीमुळे घराबाहेर, थेट हवामानात जो फरक पडतो तो मोजायचा कसा, आणि तो मोजला आहे असा विश्वासाचा दाखला द्यायचा कुणी, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाही नव्हता. तो गांभीर्याने हाती घेणाऱ्या जगातल्या पहिल्या काही संस्थांत जिनिव्हा येथील ‘गोल्ड स्टँडर्ड’चा समावेश होतो. वीस वर्षांहून अधिक काळ ही संस्था चुली, बायोगॅस, सौर यंत्रं अशा लहान लहान उपायांना ऐच्छिक कार्बन बाजारात पत मिळवून देते आहे. या वाटचालीत चढ जितके आहेत तितकेच उतारही आहेत.

संस्थेच्या आधीचा बायोगॅसचा इतिहास आपल्या मातीतला आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्ये मैल्यापासून निघणाऱ्या वायूचा उपयोग सुरू झाला होता. पुढे जशभाई पटेल यांनी 1951 च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ हा तरंगत्या टाकीचा नमुना सिद्ध केला. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात तो उचलून धरला आणि देशभर नेला. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. 1984 मध्ये ‘अफप्रो’ या संस्थेने ‘दीनबंधू’ हा स्थिर घुमटाचा स्वस्त नमुना आणला. लोखंडी टाकीचा खर्च आणि गंजण्याची कटकट गेल्यामुळे तो खेड्यापाड्यांत लवकर रुजला. संयंत्र कसं बांधावं याचे निकषही भारतीय मानक संस्थेने घालून दिले.

या साऱ्या व्यवस्थेत एक उणीव होती. अनुदानाचा हिशेब बांधकामापाशी संपत असे. खड्डा खोदला, घुमट झाला, छायाचित्र निघालं की संयंत्र कागदावर पूर्ण. तीन वर्षांनी त्याच घुमटावर शेणी वाळत घातलेल्या आहेत की आत खरोखर गॅस तयार होतो आहे, याची नोंद ठेवण्याची सोय अनुदानाच्या चौकटीत फारशी नव्हती. वापराचा दाखला आणि बांधकामाचा दाखला यांतला हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

तिकडे आंतरराष्ट्रीय पातळीवर 1997 मध्ये क्योटो करार झाला आणि 16 फेब्रुवारी 2005 रोजी तो अमलात आला. त्यातल्या स्वच्छ विकास यंत्रणेने विकसित देशांना विकसनशील देशांतल्या प्रकल्पांतून उत्सर्जन-कपात विकत घेण्याची मुभा दिली. एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट म्हणजे एक क्रेडिट, असा हा सरळ हिशेब. पण बाजाराला सरळ हिशेबापेक्षा स्वस्त हिशेब जास्त प्रिय असतो. शीतक वायूंच्या कारखान्यांत उपउत्पादन म्हणून निघणारा एचएफसी-23 हा वायू जाळून टाकला की थोड्या खर्चात लाखो क्रेडिट हाती पडत. त्याने कुणाच्या घरातला धूर कमी होत नसे आणि कुठल्या गावाचं जळणही वाचत नसे. अशा क्रेडिटचा पूर येणार हे ज्यांना आधीच दिसलं, त्यांत पर्यावरण क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था होत्या.

त्यांच्याच पुढाकारातून 2003 मध्ये ‘गोल्ड स्टँडर्ड’ची स्थापना झाली. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ या संस्थेने अग्रभागी राहून इतर आंतरराष्ट्रीय संस्थांना सोबत घेतलं. पुढे पाठिंबा देणाऱ्या संस्थांची संख्या 80 च्या वर गेली. मूळ भूमिका मोजक्या शब्दांत सांगता येते. क्रेडिट मागणाऱ्या प्रकल्पाने उत्सर्जन तर कमी करावंच, पण ज्यांच्या दारात प्रकल्प उभा आहे त्यांचं जगणंही काही अंशी सुधारावं, आणि हे दोन्ही त्रयस्थ पडताळणीत सिद्ध व्हावं. म्हणून आरंभी अपारंपरिक ऊर्जा आणि ऊर्जाबचत एवढ्याच क्षेत्रांना दार उघडं ठेवलं गेलं. औद्योगिक वायूंना मज्जाव होता.

पहिला नोंदणीकृत प्रकल्प 2005 मध्ये आला तो दक्षिण आफ्रिकेतून. केप टाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतील कुयासा येथे अल्पउत्पन्न कुटुंबांच्या दोन हजारांहून अधिक घरांत सौर उष्णजलयंत्रं, छताखाली उष्णतारोधक थर आणि कमी विजेचे दिवे बसवण्यात आले. जगाच्या उत्सर्जनाच्या मानाने हा आकडा नगण्यच. परंतु कुठल्या प्रकारच्या कामाला आपण दाखला देणार, हे संस्थेने पहिल्याच पावलात सांगून टाकलं.

ही सुरुवात सोपी नव्हती. प्रकल्पाच्या आराखड्यावर स्थानिक लोकांशी सल्लामसलत आणि मग त्यांच्या सूचनांचं काय केलं यावर पुन्हा अभिप्राय, अशा दोन फेऱ्या संस्थेने बंधनकारक केल्या. प्रकल्प विकसकांना हे वेळखाऊ वाटे, आणि तसं ते होतंही. पडताळणीचा खर्च लहान प्रकल्पांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गिळून टाकी. पहिली काही वर्षं प्रकल्पांची यादी तोकडीच राहिली. पुढे वर्षाला दहा हजार टनांपर्यंत घट करणाऱ्या सूक्ष्म प्रकल्पांसाठी वेगळी, सुटसुटीत पद्धत आणावी लागली ती याच अनुभवातून.

2006 हे वर्ष संस्थेच्या इतिहासात निर्णायक ठरलं. क्योटोच्या बंधनाबाहेर, स्वखुशीने क्रेडिट घेणाऱ्या खरेदीदारांसाठी वेगळं मानक त्या वर्षी जाहीर झालं. या खरेदीदारावर कायद्याची सक्ती नसते. आपल्या विमानप्रवासाचा वा कारखान्याचा भार हलका करावा म्हणून तो पैसे मोजतो. सक्ती नाही म्हटल्यावर त्याच्या हाती विश्वासाखेरीज दुसरं काही उरत नाही, आणि इथेच मानकाचं मोल ठरतं. विकत घेतलेला टन खरा होता का, तो आणखी कुणाला विकला गेला नाही ना, आणि पैसे मिळाले नसते तरी हे काम झालंच असतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं मानकाने खरेदीदाराच्या वतीने द्यायची असतात.

ती कशी दिली जातात हे समजून घेण्यासाठी शाहूवाडीच्या डोंगरकपारीतलं एक घर नजरेसमोर आणावं. दारात चार-पाच जनावरं, दोन घनमीटरचं संयंत्र. त्याला रोज सुमारे 50 किलो शेण आणि जवळजवळ तेवढंच पाणी लागतं. एक घनमीटर बायोगॅस उष्णतेच्या हिशेबात साधारण साडेतीन किलो सरपणाची किंवा 430 ग्रॅम एलपीजीची जागा घेतो. वरवर पाहता गुणाकार केला की काम भागलं. मानक मात्र इथून पुढे चौकशी सुरू करतं.

संयंत्र येण्याआधी या घरात काय जळत होतं? निव्वळ लाकूड, की शेणी, की निम्मा स्वयंपाक सिलिंडरवर? घराघरांत जाऊन विचारपूस होते. काही घरांत जळणाची मोळी सकाळी तोलून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पुन्हा तोलतात. असं ओळीने काही दिवस चालतं. घरातल्या बाईला पाहुण्यांसमोर ‘चूल बंद केली’ असं सांगणं सोपं असतं, काट्यावरची मोळी मात्र भीड बाळगत नाही. गॅस आला तरी भाकरीसाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच. पावसाळ्यात वाहतं पाणी टाकीत शिरून आतली शेण-पाण्याची रबडी पातळ झाली किंवा थंडीत जिवाणूंचं काम मंदावलं की गॅस कमी पडतो. हा सारा हिशेब वजा करूनच पुढे जायचं.

मग येतो लाकडाचा प्रश्न. बांधावरच्या झाडाची फांदी तोडली आणि ती पुन्हा फुटली, तर त्या जळणाने हवेतला कार्बन कायमचा वाढत नाही. जंगलातून वाढीपेक्षा जास्त लाकूड निघत असेल तर मात्र वाढतो. एकूण सरपणातला हा न भरून येणारा वाटा किती, यावर क्रेडिटची संख्या थेट अवलंबून असते. आंब्याजवळच्या जंगलकाठची वाडी आणि उसाच्या पट्ट्यात पाचट व बांधावरचं लाकूड जाळणारं गाव, दोन्ही एकाच तालुक्यात असली तरी या बाबतीत एका मापाने मोजता येत नाहीत.

शेणाचंही तसंच. उघड्या खड्ड्यात चिखलासारखं साचलेलं ओलं शेण मिथेन सोडतं आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. पण शेणी थापून वाळवल्या जात असतील तर तिथे मिथेन फारसा तयारच होत नव्हता, मग वाचवला कसला? उलट घुमटाला बारीक चीर असेल तर नव्याने गळती सुरू होते. तीही मोजणीत धरावी लागते.

यानंतर स्वतंत्र पडताळणी संस्थेचा माणूस नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना भेट देतो. संयंत्र चालू आहे का, शेगडी जागेवर आहे का, रबडी शेतात गेल्याच्या खुणा आहेत का, हे पाहतो. घरमालकाने आपल्या वाट्याच्या क्रेडिटचा हक्क प्रकल्पाकडे दिल्याची सही तपासली जाते. तक्रार कुणाकडे करायची हे त्याला ठाऊक आहे का, तेही विचारलं जातं. या सगळ्यातून पार पडलेल्या प्रत्येक टनाला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो सार्वजनिक नोंदवहीत चढतो. खरेदीदाराने तो वापरला की कायमचा रद्द होतो. पुन्हा विकता येत नाही.

विखुरलेल्या घरांची अशी मोट बांधता येते हे शेजारच्या कर्नाटकातल्या बागेपल्लीने लवकर दाखवून दिलं. तिथल्या कष्टकऱ्यांच्या ‘बागेपल्ली कुली संघा’चा 5,500 घरगुती बायोगॅस संयंत्रांचा प्रकल्प डिसेंबर 2005 मध्ये स्वच्छ विकास यंत्रणेखाली नोंदला गेला. संयंत्रं होती दोन घनमीटरचीच. शेतमजूर आणि अल्पभूधारकांची संघटना कार्बनच्या व्यवहारात स्वतः मालक म्हणून उतरते, हे तोवर अनेक तज्ज्ञांना पटत नव्हतं. ‘गोल्ड स्टँडर्ड’च्या मूळ कल्पनेला अशा उदाहरणांनी बळ दिलं. 2011 मध्ये संस्थेने विकेंद्रित घरगुती इंधनासाठी स्वतःची मोजणीपद्धत प्रसिद्ध केली आणि आशिया-आफ्रिकेतल्या चुली व बायोगॅस प्रकल्पांचा ओघ तिच्याकडे वळला.

एवढ्यात बाजारच कोसळला. 2008 मध्ये स्वच्छ विकास यंत्रणेच्या क्रेडिटला 20 युरोंवर भाव होता, 2012 संपता संपता तो एका युरोच्याही खाली आला. युरोपने 2013 पासून एचएफसी-23 च्या क्रेडिटला बंदी घातली. संस्थेने दहा वर्षांपूर्वी घेतलेली भूमिका योग्य होती याला यापेक्षा मोठी पावती कुठली? पण पावतीने पगार भागत नाहीत. भारतातले अनेक प्रकल्प नोंदणीनंतर अर्ध्यावर सोडले गेले, सल्लागारांची दुकानं बंद झाली. ‘गोल्ड स्टँडर्ड’ तरली ती ऐच्छिक बाजारातल्या चोखंदळ गिऱ्हाइकांवर.

त्या पडत्या काळातच संस्थेने व्याप वाढवला. 2012 मध्ये ‘कार्बनफिक्स’ हे वनीकरणाचं मानक तिच्यात सामील झालं. ‘फेअरट्रेड’बरोबर काम करून 2015 मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी हवामान मानक पुढे आलं. जुलै 2017 मध्ये ‘गोल्ड स्टँडर्ड फॉर द ग्लोबल गोल्स’ हे एकत्रित मानक लागू झालं. कार्बनबरोबर आरोग्य, स्त्रियांचे कष्ट, रोजगार, पाणी यांवरचे परिणामही संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या चौकटीत मोजून दाखवण्याची अट त्यात आली.

दरम्यान हरित इंधनांच्या दाखल्यांचं क्षेत्र रुंदावत होतं. जर्मनीत 2010 पासून कार्यरत असलेली ‘आयएससीसी’ जैवइंधनाचा माग शेतापासून टाकीपर्यंत ठेवते आणि सक्तीबाहेरच्या बाजारांसाठी तिचं ‘प्लस’ हे वेगळं मानक आहे. उसासाठी ‘बोनसुक्रो’ आहे. अमेरिकेत ‘ग्रीन-ई’ने 2021 मध्ये अपारंपरिक इंधनांसाठी ऐच्छिक मानक आणलं, त्यात शुद्ध केलेल्या बायोगॅसला महत्त्वाचं स्थान मिळालं. महाराष्ट्रालाही याची चाहूल लागली. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्या ‘प्राज’ कंपनीच्या सहभागाने देशात तयार झालेलं हरित विमानइंधन मिसळलेलं होतं. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याने ही बातमी नीट वाचायला हवी. उद्या इथेनॉलचं विमानइंधन करायचं तर ऊस कुठल्या रानातला, किती पाण्यावरचा आणि पाचट जाळलं की कुजवलं, याचे पुरावे मागणारा परदेशी ग्राहक कारखान्याच्या दारात उभा राहील.

‘गोल्ड स्टँडर्ड’ची सर्वांत कठीण परीक्षा जानेवारी 2024 मध्ये झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात सुधारित चुलींच्या क्रेडिटचा ताळेबंद मांडला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यात प्रत्यक्ष घटीपेक्षा सरासरी 9.2 पट अधिक क्रेडिट दिली गेल्याचा निष्कर्ष होता. चुलीचा वापर वाढवून सांगणं, जुनी चूल बंद पडली असं गृहीत धरणं आणि न भरून येणाऱ्या लाकडाचा वाटा फुगवणं ही मुख्य कारणं. ‘गोल्ड स्टँडर्ड’च्या प्रचलित पद्धतीही या टीकेतून सुटल्या नाहीत. आकड्यांवर वाद झाले, तरी मूळ दोष नाकारण्यासारखे नव्हते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली. इंधनाचा वापर मीटर लावून प्रत्यक्ष मोजणारी ‘गोल्ड स्टँडर्ड’ची पद्धत सर्वांत कमी फुगवटा दाखवणारी निघाली, सुमारे दीड पट. ही पद्धत संस्थेने टीका येण्याच्या आधीच, 2021 मध्ये आणली होती. त्यानंतर जुन्या पद्धतींची डागडुजी, लाकडाच्या वाट्यासाठी नव्या शास्त्रीय नमुन्यांचा आधार आणि वापराच्या पुराव्याची कडक अट या दिशेने काम सरकलं. मोजणी कडक केली की जुन्या हिशेबाच्या मानाने क्रेडिट कमी निघतात. विकणाऱ्याला ते रुचत नाही आणि शुल्कावर चालणाऱ्या मानक संस्थेलाही त्याची झळ बसते. ती सोसण्याची तयारी हाच या संस्थेच्या प्रतिष्ठेचा पाया आहे.

ऐच्छिक बाजारावर देखरेखीसाठी स्थापन झालेल्या ‘इंटिग्रिटी कौन्सिल’ने एप्रिल 2024 मध्ये ज्या पहिल्या कार्यक्रमांना पात्र ठरवलं त्यांत ‘गोल्ड स्टँडर्ड’ होती. याच कौन्सिलने ऑगस्ट 2024 मध्ये अपारंपरिक विजेच्या प्रचलित पद्धतींना आपला शिक्का नाकारला. पवनचक्की वा सौर प्रकल्प आता क्रेडिटच्या पैशाशिवायही उभे राहू शकतात, हे त्यामागचं मुख्य कारण. गोठ्यामागच्या घुमटाची गोष्ट वेगळी आहे. आधाराच्या पैशाशिवाय तो अजूनही बहुतेक घरांना जड जातो.

महाराष्ट्रात या साखळीचे दुवे आता जवळ येत आहेत. 16 मार्च 1963 रोजी स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि ‘सिस्टिमा बायो’ यांच्या साथीने दूध उत्पादकांसाठी बायोगॅस योजना राबवली. ‘सिस्टिमा बायो’ ही मूळची मेक्सिकोतली कंपनी भारतातलं काम पुण्यातून पाहते आणि तिचं संयंत्र विटांच्या घुमटाऐवजी जाड लवचिक पिशवीचं असतं. दुग्धविकास मंडळाने गुजरातेत आणंदजवळच्या झकरियापुरा गावात घरगुती बायोगॅस आणि रबडीची खरेदी यांची सांगड घातली आणि शेणाच्या व्यवहारासाठी जुलै 2022 मध्ये ‘एनडीडीबी मृदा’ ही स्वतंत्र कंपनी काढली. दुधाच्या डेअरीत फॅटवर भाव ठरताना पाहणाऱ्या कोल्हापुरी शेतकऱ्याला त्रयस्थ मोजणीचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

देशाची चौकटही बदलली आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने पॅरिस कराराखाली परदेशाशी व्यवहार करता येतील अशा कामांची यादी जाहीर केली. त्यात संपीडित बायोगॅस आणि हरित विमानइंधन दोन्ही आहेत. जून 2023 मध्ये भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि डिसेंबरच्या दुरुस्तीने बंधनाबाहेरच्या घटकांनाही तीत जागा मिळाली. शहरी गॅस आणि सीएनजीत संपीडित बायोगॅस मिसळण्याचं बंधन 2025-26 मध्ये एक टक्क्यापासून सुरू झालं, 2028-29 पर्यंत ते पाच टक्क्यांवर नेण्याचं ठरलं आहे. यातून दाखल्यांचं एक नवं कोडं पुढे येतं. जे कायद्याने करावंच लागतं त्याचं ऐच्छिक क्रेडिट मिळू शकत नाही. शिवाय एकच टन देशाच्या खात्यात, परदेशी कंपनीच्या खात्यात आणि मिश्रणाच्या कोट्यात असा तीनदा मोजला जाण्याचा धोका आहे. ‘गोल्ड स्टँडर्ड’ने देशाच्या परवानगीची नोंद क्रेडिटच्या क्रमांकाशी जोडण्याची सोय केली आहे ती यासाठीच.

शाहूवाडीसारख्या तालुक्यात पुढचं काम आता बरंचसं मीटर आणि माणसं यांवर येऊन ठेपलं आहे. गॅसचं मीटर पावसाळी दमट हवेत टिकलं पाहिजे, त्याची नोंद वाचणारा तरुण गावातच असला पाहिजे आणि चिरलेला घुमट आठवड्याच्या आत दुरुस्त करणारा गवंडी हाकेच्या अंतरावर हवा. क्रेडिटच्या पैशातला किती हिस्सा शेण कालवणाऱ्या घरापर्यंत पोहोचतो, हे उघड करण्याची मागणी आता खरेदीदारांकडूनही होऊ लागली आहे.